ऑक्सिमीटरचे ९८ आणि विडीचा धूर: पार्श्वभूमी

२०२०च्या साथीत निपाणी-चिकोडीकडे घरोघरी ऑक्सिमीटर, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण टक्क्यांत दाखवणारी यंत्रं, आली. साथ ओसरली, पण बोटाला तो चिमटा लावून "९८ दाखवतंय बघा, विडीनं मला काय होत नाही" म्हणणारे अजून भेटतात. हा आकडा त्यांना फसवतो आहे. का, ते समजायला बरंच मागं जावं लागतं.

कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू रक्तात ऑक्सिजन वाहणाऱ्या हिमोग्लोबिनला चिकटून ऑक्सिजनची जागा अडवतो, हे फ्रान्सच्या क्लोद बर्नार यांनी १८५७च्या सुमारास दाखवलं. १८९५ साली ब्रिटनमध्ये जॉन स्कॉट हाल्डेन यांनी स्वतःच हा वायू हुंगला, आपलं निम्म्याहून जास्त हिमोग्लोबिन त्यानं व्यापेपर्यंत. ते कोळशाच्या खाणीत मरणाऱ्या कामगारांचा शोध घेत होते. ऑक्सिजनपेक्षा हा वायू हिमोग्लोबिनला दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. शिवाय उरलेला ऑक्सिजनही रक्तातून सहज सुटू देत नाही, म्हणून हृदयावर दुहेरी ताण येतो.

खाणीतला हाच वायू विडी-सिगारेटच्या धुरातही असतो. न ओढणाऱ्याच्या रक्तात त्यानं अडवलेलं हिमोग्लोबिन साधारण एक-दोन टक्क्यांच्या आत असतं. रोज ओढणाऱ्याचं तीन ते आठ टक्के, आणि एकामागून एक पेटवणाऱ्याचं दहाच्याही वर जातं. साध्या हवेत ते निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात. तेवढ्यात पुढची पेटलेली असते.

आता तो चिमटा. १९७४ साली जपानच्या ताकुओ आओयागी यांनी नाडीच्या ठोक्यांवरून ऑक्सिजन मोजण्याची ही युक्ती मांडली. तांबडा आणि अवरक्त (डोळ्यांना न दिसणारा), असे दोनच प्रकाश नखातून आरपार जातात. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्तही लालभडकच. तांबड्या प्रकाशात ते ऑक्सिजनवाल्या रक्तासारखंच दिसतं, आणि यंत्र दोन्ही एकत्र मोजून ९८ दाखवतं. खरा हिशोब हवा तर दवाखान्यात अनेक प्रकाशलहरींवर रक्त तपासणारं यंत्र लागतं, किंवा काही सेकंद श्वास रोखून फुंकायचं छोटं उपकरण.

आपल्या भागात हे जास्त लागू पडतं, कारण निपाणीची बाजारपेठच विडीच्या तंबाखूवर उभी राहिली. १९८१चं तंबाखू शेतकऱ्यांचं आंदोलन इथलंच. तेव्हा भाव मागणाऱ्यांवर गोळीबार झाला. वखारीत तंबाखू चाळणाऱ्या बायकांच्या नाकातोंडात जाते ती धूळ, तिचा त्रास वेगळा. पण विडी "पानाची, म्हणून सौम्य" ही समजूत चुकीची आहे. तेंदूच्या पानातून हवा कमी जाते. विझू नये म्हणून झुरके भराभर मारावे लागतात. एका विडीत तंबाखू थोडी असली, तरी कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा कमी मिळतो असं नाही.

छातीत दुखतंय म्हणून दवाखान्यात गेलात, तर शेवटची विडी कधी ओढली ते डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा. ओढणं थांबवलं, की एका दिवसात हा वायू बहुतेक सगळा उतरतो.