अस्थींचे अश्मीभवन : रासायनिक परीक्षण

गाळात दबलेल्या हाडाचा जीवाश्म होताना त्यातील कोणते घटक गेले आणि कोणते नव्याने आले, हे मोजण्याची पद्धत. नाशिक जिल्ह्यातील गोदावरीकाठच्या जीवाश्मांसाठी ती फार मोलाची आहे. इथला कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. हाडे सापडतात ती त्यावर नदीने कितीतरी नंतर साचवलेल्या वाळू-गोट्यांच्या थरांत. गोदावरीच्या गाळातील ‘एलेफस नमाडिकस’ या नामशेष हत्तीच्या अवशेषांवर भूवैज्ञानिक गाय पिलग्रिम यांनी १९०५ मध्ये लिहिले.

ताज्या हाडाच्या वजनात सुमारे दोन तृतीयांश ॲपेटाइट हे कॅल्शियम फॉस्फेटचे खनिज असते. उरलेला भाग मुख्यतः कोलॅजेन हे नायट्रोजनयुक्त प्रथिन आणि पाणी. सूक्ष्मजीव व पाणी यांमुळे कोलॅजेन विघटित होते आणि नायट्रोजन घटत जातो. मोकळ्या झालेल्या छिद्रांत भूजलातून कॅल्साइट, लोह व मँगनीजची ऑक्साइडे साचतात. हाडाचा दगड होतो असे आपण सहज म्हणतो, पण मूळ खनिज बहुधा नाहीसे होत नाही. त्याचे स्फटिक वाढतात, अधिक सुबद्ध होतात. क्ष-किरण विवर्तन आणि अवरक्त वर्णपट या स्फटिकांची रचना तपासणाऱ्या चाचण्यांत हा बदल स्पष्ट दिसतो. स्फटिकातील हायड्रॉक्सिलची (ऑक्सिजन-हायड्रोजन जोडीची) जागा भूजलातून येणारे फ्लोरीन घेते. असे खनिज पाण्यात कमी विरघळते, म्हणूनच हाड टिकते. पूर्ण फ्लोरॲपेटाइटमध्ये फ्लोरीन सुमारे ३.८ टक्के असते.

हाड जितका काळ गाडलेले, तितके त्यात फ्लोरीन वाढते. मात्र फ्लोरीनवरून थेट वय सांगणे धोक्याचे, कारण त्याचे शोषण स्थानिक भूजलावर अवलंबून असते. खरा उपयोग एकाच थरातील हाडांच्या तुलनेत आहे. पुरात जुन्या थरातले हाड उखडून नव्या गाळात येऊन पडते. शेजारच्या हाडांपेक्षा त्यात फ्लोरीन जास्त आणि नायट्रोजन कमी भरला, तर ते उपरे असल्याचा संशय बळावतो. मानवाच्या पूर्वजाची म्हणून पुढे केलेल्या इंग्लंडमधील पिल्टडाउन कवटीचा बनाव १९५३ मध्ये उघड झाला, त्यातही फ्लोरीन-परीक्षेचा मोठा वाटा होता. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये नदीखोऱ्यांतील जीवाश्मांसाठी फ्लोरीन-फॉस्फेट गुणोत्तर वापरले गेले आहे.

विरल मृदा मूलद्रव्ये (लँथेनम, सिरियम यांसारखे धातू) जिवंत हाडात नगण्य असतात, ती दफनानंतर शिरतात. त्यांचे परस्पर प्रमाण हाड कोणत्या पाण्यात मुरले याची खूण देते. युरेनियमही असेच बाहेरून येते. हाडाच्या आडव्या छेदात कडेला जास्त आणि गाभ्यात कमी असा उतार मिळाला, तर हे घटक बाहेरून आत झिरपले हे कळते.

नमुन्याबरोबर त्याच थरातली मातीही घ्यावी लागते. हाड मजबूत करायला डिंक किंवा सरस लावण्याआधीच परीक्षणाचा तुकडा काढून ठेवावा. सरसातला नायट्रोजन मोजमाप बिघडवतो.