पॅट्रिक गेडिस यांचा पत्रव्यवहार : पार्श्वभूमी

ठाणे आणि वांद्रे धरून मुंबई इलाख्यातल्या सहा शहरांवर स्कॉटिश जीवशास्त्रज्ञ आणि नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी १९१५ मध्ये लिहिलेला अहवाल राज्य शासनाने १९६५ मध्ये पुन्हा छापला. त्यामुळे आपल्याकडच्या नगररचनाकारांना गेडिस माहीत आहेत ते अहवालांमधून. बडोदे आणि इंदूरचे अहवालही अधूनमधून उद्धृत होतात. पण या अहवालांच्या मागे जी माणसं, जे वाद आणि जी ओढाताण होती ती पत्रांमध्ये आहे, आणि त्या पत्रांचा मोठा भाग स्कॉटलंडमध्ये आहे. तोही एका छताखाली नाही. एडिंबरातलं राष्ट्रीय ग्रंथालय आणि एडिंबरा, ग्लासगो, डंडी इथली विद्यापीठं यांच्यात तो विभागला गेला आहे.

कागद इतके का साठले, याचं एक कारण फार मागे आहे. १८७९ मध्ये मेक्सिकोत असताना त्यांची दृष्टी काही काळ गेली. अंधाऱ्या खोलीत बसून कागदाला घड्या घालायच्या आणि प्रत्येक चौकटीला एकेक कल्पना नेमून द्यायची, ही विचार करण्याची पद्धत त्यांनी तिथे शोधली आणि जन्मभर वापरली. त्यामुळे त्यांच्या दप्तरात पत्रांबरोबर घड्यांचे तक्ते, टिपणं आणि आराखडे यांचीही गर्दी आहे. अक्षर तर अतिशय दुर्बोध. असं दप्तर लावणं कोणत्याही अभिलेखपालाला सोपं नव्हतं.

भारतातलं पर्व १९१४ च्या अखेरीस सुरू झालं. मद्रासच्या गव्हर्नरांच्या निमंत्रणावरून ते आले. शहरांविषयीचं त्यांचं प्रदर्शन मात्र दुसऱ्या बोटीवर होतं आणि ती बोट एम्डेन या जर्मन युद्धनौकेने बुडवली. आयुष्यभर जमवलेले नकाशे आणि चित्रं समुद्रात गेली. ब्रिटनमधल्या मित्रांनी धावपळ करून नवा संच जमवला आणि जानेवारी १९१५ मध्ये मद्रासला प्रदर्शन भरलं. पुढच्या दहा वर्षांतला पत्रव्यवहार सगळ्यात दाट आहे. जगदीशचंद्र बोस आणि रवींद्रनाथांशी मैत्री याच काळातली. बोस यांचं चरित्र त्यांनी १९२० मध्ये लिहिलं. धाकटा मुलगा पुढे रवींद्रनाथांच्या ग्रामसंस्थेत कामाला गेला. १९१८ मध्ये इंदूरला हिंदी साहित्य संमेलन झालं, तेव्हा मंडपाच्या रचनेवर टीका करणारं पत्र त्यांनी थेट गांधीजींना लिहिलं आणि गांधीजींनी त्याला उत्तरही दिलं. त्याच इंदुरात प्लेगच्या भीतीखाली असलेल्या वस्त्यांमधून त्यांनी दिवाळीची मिरवणूक काढली. आपला रस्ता मिरवणुकीच्या मार्गात यावा म्हणून लोकांनी आपापली घरं-अंगणं झाडून काढली. नियोजन लोकांच्या अंगवळणी कसं पाडावं, हे अहवालाच्या कोणत्याही प्रकरणापेक्षा या प्रसंगातून जास्त कळतं.

१९१७ हे वर्ष वेगळं काढायला हवं. एप्रिलमध्ये थोरला मुलगा फ्रान्सच्या आघाडीवर मारला गेला. पत्नी तेव्हा कलकत्त्यात तापाने अंथरुणाला खिळली होती. तिला ही बातमी कळू दिली नाही, आणि काही आठवड्यांत तीही गेली. दूर असताना तिला लिहिलेल्या पत्रांत गेडिस सगळ्यात मोकळे असत. तो ओघ इथे थांबला.

यानंतरची सगळ्यात वादग्रस्त गोष्ट दप्तराशीच निगडित आहे. लुईस मम्फर्ड या न्यूयॉर्कच्या तरुण लेखकाशी त्यांचा पत्रव्यवहार १९१७ पासून सुरू होता. हा तरुण पुढे शहरांच्या इतिहासावरच्या लेखनासाठी जगभर वाचला गेला. गेडिस यांनी त्याला मुंबईला मदतनीस म्हणून बोलावलं, तो आला नाही. १९२३ मध्ये गेडिस स्वतः न्यूयॉर्कला गेले. पहिल्या भेटीतच त्याचे खांदे धरून, डोळ्यांत पाणी आणून ते म्हणाले की तू हुबेहूब माझ्या गेलेल्या मुलासारखा दिसतोस. मग कागदांचे गठ्ठे त्याच्यापुढे ठेवले. हे लाव, यातून माझा विचार एकसंध करून दे, अशी अपेक्षा होती. त्याने नकार दिला. पत्रं चालू राहिली, स्वतःच्या मुलाचं नाव त्याने गेडिस ठेवलं, पण वारसाची आणि लेखनिकाची जागा घेतली नाही.

या नकारावर आजही दोन मतं आहेत. त्याने होकार दिला असता तर दप्तर एकत्र राहिलं असतं, असं काही अभ्यासक मानतात. मला ते पटत नाही. दुसऱ्याच्या मेलेल्या मुलाची जागा भरायला सांगणं हा विशीतल्या माणसावर अन्याय होता. शिवाय ज्या कागदांना स्वतः लेखकाला आकार देता आला नाही, त्यांना शिष्याने दिलेला आकार खरा कितपत असता? विस्कळीत का होईना, मूळ कागद उरले हे संशोधनाच्या दृष्टीने बरंच झालं.

मुंबईतलं काम त्या मानाने कमी चर्चेत येतं. १९१९ ते १९२४ या काळात मुंबई विद्यापीठात ते समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे प्राध्यापक होते. संस्कृतचे विद्यार्थी असलेले मालवणचे घुर्ये त्यांच्याच शिफारशीने इंग्लंडला गेले आणि परतल्यावर १९२४ मध्ये विभागाचे प्रमुख झाले. आपल्याकडच्या समाजशास्त्राच्या घडणीत ही शिफारस फार मोलाची ठरली.

१९३२ मध्ये फ्रान्समधल्या माँपेलिए इथे गेडिस वारले, आणि त्यानंतर कागदांची पांगापांग वाढली. १९४७ मध्ये भारतातल्या अहवालांचे निवडक उतारे लंडनमध्ये छापले गेले, पण त्यात पत्रव्यवहाराचा संदर्भ फारसा उतरला नाही. न्यूयॉर्कच्या त्या लेखकाशी झालेला पत्रव्यवहार १९९५ मध्ये ग्रंथरूपात आला, रवींद्रनाथांशी झालेलाही नंतर आला. अलीकडे एडिंबरा आणि ग्लासगो इथल्या संग्रहांची सूची करण्याचं काम एकत्र झालं.

तरी एक मर्यादा लक्षात ठेवावी लागते. कोणाच्याही दप्तरात मुख्यतः त्याला आलेली पत्रं असतात. त्याने लिहिलेली दुसऱ्याकडे राहतात. घरच्यांना लिहिलेली तेवढी स्कॉटलंडला परतली. बाकीच्यांसाठी शांतिनिकेतन आणि मम्फर्ड यांचे कागद असलेल्या फिलाडेल्फियासारख्या ठिकाणी जावं लागतं. मुंबई, बडोदे आणि इंदूर दरबारच्या फायली या सूचींशी ताडून पाहण्याचं काम आपल्याकडच्या संशोधकांनी हाती घ्यायला हवं.