पोटातल्या रसापासून पान्ह्यापर्यंत : स्वमग्नतेवरील हार्मोन उपचारांची पार्श्वभूमी

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या थेरपी केंद्रांवर स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाला घेऊन येणारे, त्यासाठी गडहिंग्लज किंवा राधानगरीहून सकाळची एसटी पकडणारे आईवडील वर्षा-दोन वर्षांत एका प्रश्नापाशी येतात. मुलाची प्रगती मुंगीच्या पावलांनी चालली आहे, आणि कुणीतरी मोठ्या शहरातल्या हार्मोनच्या इंजेक्शनचे नाव सांगितले आहे, तर एकदा करून पाहायला काय हरकत आहे? या प्रश्नाला भाबडेपणा म्हणू नये. स्वमग्नता मुळातून घालवणारे औषध नाही, हे ऐकून घरी परतलेल्या माणसाला तो पडणारच. मात्र तो जगभर अनेक वर्षांपासून विचारला जात आहे आणि त्यातल्या बऱ्याच भागाची उत्तरे मुलांवर रीतसर चाचण्या करून मिळालेली आहेत.

या इतिहासाची सुरुवात सिक्रेटिनपासून करावी लागते. १९०२ मध्ये लंडनमध्ये विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी लहान आतड्याच्या अस्तरातला हा पदार्थ शोधला. जठरातले आम्लयुक्त अन्न आतड्यात उतरले की तो रक्तात मिसळतो आणि स्वादुपिंडाला पाचकरस सोडायला लावतो. अशा पदार्थांसाठी ‘हार्मोन’ हा शब्द स्टार्लिंग यांनी १९०५ मध्ये वापरात आणला. पुढे डुकराच्या आतड्यातून काढलेले सिक्रेटिन स्वादुपिंडाच्या तपासणीसाठी, एका डोसपुरते, वापरले जाऊ लागले. १९९६ मध्ये अमेरिकेत स्वमग्नता आणि सततचे जुलाब असलेल्या एका लहान मुलाला अशाच तपासणीत ते दिले गेले आणि नंतरच्या आठवड्यांत तो बोलू लागल्याचे, नजरेला नजर देऊ लागल्याचे त्याच्या आईला दिसले. १९९८ मध्ये अशा तीन मुलांची माहिती वैद्यकीय नियतकालिकात आली, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तेथील दूरचित्रवाणीवर ही कहाणी दाखवली गेली आणि हजारो पालक त्या औषधाच्या शोधात निघाले. त्या तीन मुलांची तुलना करायला औषध न घेतलेली मुले नव्हती, ही उणीव त्या गर्दीत मागे पडली.

ती उणीव डिसेंबर १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने भरून काढली. तीत साठ मुले घेतली होती. काहींना सिक्रेटिनचा एक डोस शिरेतून दिला, काहींना नुसते मिठाचे पाणी, आणि कोणाला काय दिले हे पालकांनाही ठाऊक नव्हते, मुलांची तपासणी करणाऱ्यांनाही नव्हते. चार आठवड्यांत लक्षणे दोन्ही गटांत कमी झाली. सिक्रेटिनने मिठाच्या पाण्यापेक्षा काहीही जास्त केले नाही. मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते पुढचे : निकाल समजल्यावरही ६९ टक्के पालकांना आपल्या मुलासाठी सिक्रेटिनमध्ये रस होताच. त्यांना दोष देता येणार नाही. स्वमग्न मूलही वाढत असते, महिनोन्‌महिने थांबून एकदम एखादा शब्द उच्चारते, शेजारी थेरपी चालू असते, आणि इंजेक्शननंतरच्या दिवसांत आई त्याच्याकडे आधी कधी पाहिले नसेल इतक्या बारकाईने पाहत असते. त्या दिवसांत जे घडेल ते इंजेक्शनच्या खात्यावर जमा होते. नंतरच्या डझनभराहून अधिक चाचण्यांतही सिक्रेटिनचा उपयोग दिसला नाही.

पोट आणि स्वमग्नता यांची सांगड मात्र लोकांच्या मनातून गेली नाही. गहू आणि दूध बंद करण्याचा सल्ला त्याच काळात पसरला. गंगावेशीत धारोष्ण दूध पिऊन वाढलेल्या घरांत तो किती जड जातो हे वेगळे सांगायला नको. मोजकेच चार पदार्थ खाणाऱ्या मुलाचे दूध तोडले, तर त्याची प्रथिने आणि कॅल्शियम कोठून भरून काढायचे, हे आधी ठरवावे लागते.

हार्मोन उपचारांच्या दुसऱ्या टप्प्याबद्दल तटस्थ राहून लिहिणे मला कठीण जाते. ल्युप्रोलाइड हे औषध शरीरातील टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनचे प्रमाण खाली आणते. प्रोस्टेटच्या कर्करोगात आणि अकाली वयात येणाऱ्या मुलांत त्याचा योग्य उपयोग आहे. अमेरिकेतील डॉक्टर मार्क गायर यांनी मात्र लसींतील पारा आणि टेस्टोस्टेरॉन यांचा संबंध जोडून ते स्वमग्न मुलांना दिले. लसींतील पाऱ्यामुळे स्वमग्नता होत नाही, हे मोठ्या अभ्यासांनी दाखवलेले होते. वाढत्या मुलाची वयात येण्याची प्रक्रिया कारणाशिवाय रोखणे आणि त्याची हाडे धोक्यात घालणे, एवढेच त्यातून हाती येणार होते. २०११ मध्ये मेरीलँड राज्याच्या वैद्यकीय मंडळाने गायर यांचा परवाना स्थगित केला.

ऑक्सिटोसिन हे नाव आपल्याकडे म्हशीला पान्हा सोडायला लावणाऱ्या, गैरवापरामुळे बदनाम झालेल्या इंजेक्शनमुळे माहीत आहे. बाळंतपणात कळा आणणारे आणि आईला पान्हा फोडणारे हे संप्रेरक (हार्मोन) माणसामाणसांतील जवळीकही वाढवत असावे, या विचारातून ते स्वमग्नतेसाठी नाकात फवारून पाहिले गेले. सुरुवातीचे छोटे प्रयोग उत्साह वाढवणारे होते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ३ ते १७ वयाच्या २९० मुलांना २४ आठवडे औषध किंवा औषधाविना फवारा दिला गेला. सामाजिक वागण्यात दोन्ही गटांत फरक आढळला नाही.

सगळीच संप्रेरके मात्र एका मापाने मोजू नयेत. स्वमग्न मुलाची झोप लागत नसेल तर मेलाटोनिन या झोपेशी संबंधित संप्रेरकाचा उपयोग होतो, आणि त्याचे मुलांसाठी बनवलेले एक रूप २०१८ मध्ये युरोपात मान्य झाले. ते झोपेसाठी आहे, स्वमग्नतेसाठी नाही. रक्ततपासणीत थायरॉईडचे संप्रेरक कमी निघाले तर त्याची गोळी द्यावीच लागते, कारण तेथे शरीरात खरोखर कमी असलेली गोष्ट भरून काढली जाते. पर्यायी उपचार सुचवणाऱ्याला म्हणून पहिला प्रश्न हाच विचारावा की माझ्या मुलाच्या शरीरात नेमके काय कमी किंवा जास्त आहे आणि ते कोणत्या तपासणीत दिसले; आणि दुसरा, की औषधाविना तुलना करून हे कोणी पाहिले आहे का.

खर्चाची बाजूही याच इतिहासात येते. १९९५ च्या अपंगत्व कायद्यात स्वमग्नतेचे नाव नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आले आणि २०१६ च्या कायद्यातील २१ प्रकारांत त्याला स्वतंत्र जागा मिळाली. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयातून दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र घेतलेल्या मुलाची न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत नोंदणी करता येते. तीत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे विमासंरक्षण आहे आणि त्यात थेरपीचाही समावेश होतो.