तळघराच्या भिंतीला रंग देण्याआधी

"भाऊ, रंग मारून चार महिने नाही झाले, अन् पुन्हा पोपडे पडून राहिले." पाऊस लागला की आम्हा ओल दुरुस्त करणाऱ्यांचे निम्मे फोन असेच सुरू होतात. म्हणून हे पत्रक.

आपल्या नागपूरची काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते. मे महिन्यात घराभोवती चक्कर मारा. भिंत आणि जमीन यांच्यात बोट जाईल एवढी फट दिसेल. जूनचा पहिला जोराचा पाऊस तिथूनच खाली उतरतो. त्यात गच्चीचा पाइप भिंतीच्या पायथ्याशी सोडलेला असला, तर बघायलाच नको. म्हणून पहिलं काम बाहेरचं: फटीजवळची माती काढून मुरूम ठासायचा, उतार घरापासून दूर काढायचा, पाइप नालीपर्यंत न्यायचा. यासाठी आम्हीच हवेत असं नाही, तुमचा नेहमीचा मिस्त्रीही करेल.

आता मुख्य गोष्ट. ओल्या भिंतीवर पुट्टी भरू नका. वॉटरप्रूफ रंगही नको. भिंतीतलं पाणी बाहेर पडायला वाट शोधतं. येताना क्षार आणतं आणि पुट्टीला मागून ढकलतं. मग आम्हाला आधी तुमचा नवाकोरा रंग खरवडावा लागतो. दोन दिवस त्यात जातात आणि ती मजुरी बिलात येते, तेव्हा वाईट आम्हालाही वाटतं. भिजलेली नऊ इंची भिंत आठवड्यात सुकत नाही, महिने घेते. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओसंडला, त्यानंतर सात आठवड्यांत दिवाळी होती. त्या घाईत रंगवलेल्या कितीतरी भिंती पुढच्या वर्षी आम्हीच खरवडल्या.

पाणी बाहेरून येतं की खोलीतल्या दमट हवेचं आहे, हे घरीच कळतं. भिंतीवर हातभर प्लास्टिक चारही बाजूंनी टेप लावून चिकटवा आणि दिवसभर ठेवा. थेंब भिंतीकडच्या बाजूला आले तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला आले तर दोष हवेचा. बहुतेक वेळा तळघरात लावलेल्या कूलरचा. (हो, कूलर. बंद खोलीत तो रात्रभर पाणीच हवेत सोडत असतो.)

बुरशी कोरड्या झाडूने झाडू नका, घरभर उडते. मास्क लावा, साबणाच्या पाण्याने ओलं पुसा, दम्याच्या माणसाला दूर ठेवा. भिजलेली गादी, फुगलेला प्लायवूड आणि पीओपी वाचवत बसू नका. खोलीत पाणी साचलं असेल तर आत पाय टाकण्याआधी मेन स्विच बंद करा. तो तळघरातच असेल तर वायरमनला बोलवा.

"तुम्ही बघायचेही पैसे घेता," अशी तक्रार असते. घेतो. ओल मोजायचं मीटर लावून भिंत चार ठिकाणी तपासतो, बाहेरचा उतार बघतो. काम आम्हाला दिलं तर ती रक्कम बिलातून वजा होते. फोटो पाहून भाव सांगणारे बरेच आहेत, आम्ही सांगत नाही. आणि मीटरचा आकडा खाली आल्याशिवाय आमचा माणूस पुट्टीची थैली फोडत नाही, घरी लग्न असलं तरी.

बोलवाल तेव्हा भिंतीसमोरचं कपाट सरकवून ठेवा. खरी ओल नेहमी त्याच्याच मागे असते.