‘आमच्या घरात तर कुणालाच नव्हतं!’

मामाच्या मुलीशी लग्न ही सोलापुरात नवलाची गोष्ट नाही. काही तेलुगू आणि कन्नड घरांत तर भाचीचं लग्न थेट मामाशीच लागतं. अशा एखाद्या घरातलं बाळ सहा-आठ महिन्यांचं होता होता पांढरंफटक पडतं, दूध ओढेनासं होतं आणि तपासणीत थॅलेसेमिया मेजर निघतो, म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन पुरेसं न बनण्याचा गंभीर आनुवंशिक आजार. घरचे म्हणतात, ‘आमच्या घरात तर कुणालाच नव्हतं!’ बरोबरच आहे. आजार नव्हता, पण सदोष जनुक होतं.

जवळपास प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. हिमोग्लोबिनची बीटा साखळी घडवणारं जनुक ११व्या गुणसूत्रावर असतं. त्यातलं एखादंच अक्षर बदललं, म्हणजे उत्परिवर्तन झालं, तरी साखळी कमी बनते किंवा बनतच नाही. चादरीची नक्षी ठरवणाऱ्या जकार्डच्या कार्डावर एक भोक चुकलं की त्यावर विणलेल्या प्रत्येक चादरीत तीच चूक उमटते, तसा हा बदल जनुकाच्या प्रत्येक नकलेत उतरतो. दुसरी प्रत चांगली असली की माणूस धडधाकट राहतो. तो वाहक. दोन्ही प्रती सदोष आल्या, तर मात्र मेजर होतो.

आता नात्याचं गणित पाहू. मुलगा वाहक असेल, तर दोष आईकडून आल्याची शक्यता निम्मी. आईत असेल तर तिच्या भावात असण्याची निम्मी, भावाकडून त्याच्या मुलीत जाण्याची पुन्हा निम्मी. म्हणजे मामाची मुलगीही वाहक असण्याची शक्यता झाली आठांत एक. मामा-भाचीत तर चारांत एक. दोघंही वाहक निघाले, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला मेजर होण्याची शक्यता २५ टक्के. पहिलं मूल निरोगी झालं म्हणून दुसऱ्याचा धोका घटत नाही. आणि बोल मात्र सुनेलाच लागतो, याची चीड येते. बाळात आलेली एक सदोष प्रत बापाचीच असते!

मेजर असलेल्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं आणि त्यातून साठणारं लोह काढायला औषधं घ्यावी लागतात. वाहकाच्या साध्या सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या नेहमीच्या तपासणीत, लाल पेशी लहान दिसतात, म्हणून लोह कमी आहे असं समजून लोहाच्या गोळ्या सुरू होतात. लोह मुळात कमी नसेल तर त्यांचा उपयोग होत नाही. हिमोग्लोबिन ए-टू या हिमोग्लोबिनच्या एका प्रकाराची तपासणी करायला हवी. ते सहसा ३.५ टक्क्यांहून जास्त आलं की माणूस वाहक. लग्न आधीच झालं असेल, तर गरोदरपणाच्या १० ते १२ आठवड्यांत वारेचा नमुना घेऊन बाळाचं निदान होतं. पण त्यासाठी नवरा-बायको दोघांतलं उत्परिवर्तन नेमकं कोणतं, हे आधी कळलेलं असावं लागतं.