बेळगावच्या पावसाची सरासरी आली कुठून?

वर्ष सरले की पावसाचा आणि तापमानाचा हिशेब बाहेर येतो. बेळगाव जिल्ह्यासमोर एक टक्का लिहिलेला असतो: दीर्घकालीन सरासरीपेक्षा इतका जास्त किंवा इतका कमी. खानापूरचा भात पिकवणारा आणि अथणीचा ऊस लावणारा, दोघेही तो वाचतात आणि दोघांनाही तो दुसऱ्याच कुठल्या मुलखाचा वाटतो. त्यांचे काही चुकत नाही. त्या टक्क्यामागची सरासरी कशी तयार झाली हे पाहिले, तर त्यांचा अविश्वास रास्त वाटू लागतो.

आधी जमीन पाहू. जिल्ह्याचे पश्चिम टोक सह्याद्रीच्या माथ्यावर आहे. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, म्हादई देगावच्या रानातून निघते. जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात पाऊस हजारांत मोजतात. तिथल्याच आमगावच्या मापकात 2010 साली दहा हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला आणि कर्नाटकातल्या पावसाचे गाव म्हणून आगुंब्याचे नाव घेणाऱ्यांना या खेड्याचे नाव शोधावे लागले. बेळगाव शहरापर्यंत येताना पाऊस बाराशे मिलिमीटरच्या आगेमागे उतरतो. पुढे हुक्केरी, गोकाक, रायबाग करत अथणीला पोहोचलो की वर्षाचे पाच-सहाशे मिलिमीटर पडले तरी लोक बरे वर्ष म्हणतात. आमगाव ते अथणी हे अंतर सरळ रेषेत सुमारे 150 किलोमीटर. एवढ्या अंतरात घाटमाथा ते पर्जन्यछाया असा सगळा पट उलगडतो. या साऱ्याची मिळून जिल्ह्याची सरासरी निघते आठशे मिलिमीटरच्या घरात. हा आकडा गणिताने बरोबर आहे, पण कणकुंबीत तो हसण्यावारी जातो आणि अथणीत तेवढा पाऊस क्वचितच पडतो.

पाऊस मोजायची शिस्त इकडे आली ती मुंबई इलाख्याच्या काळात. भारतीय हवामान खाते 1875 साली स्थापन झाले, आणि पुढच्याच वर्षी सुरू झालेल्या 1876-78 च्या मोठ्या दुष्काळाने बेळगाव, धारवाड आणि तेव्हाचा कलादगी जिल्हा होरपळून निघाला. सरकारला पावसाची काळजी होती ती मुख्यतः शेतसाऱ्यापायी. पीक किती आणे आले यावर साऱ्याची सूट ठरायची, म्हणून मामलेदार कचेरीच्या आवारात पर्जन्यमापक बसला आणि रोज सकाळी कारकून तो मोजू लागला. सकाळी मोजलेला पाऊस मागच्या चोवीस तासांचा धरायचा, ही रीत अजून चालू आहे. आता वेळ साडेआठची. थर्मामीटर मात्र तालुक्याच्या कचेरीत आला नाही, कारण उष्म्यावर सारा आकारला जात नव्हता. म्हणून आपल्याकडे पावसाच्या नोंदी तालुकावार आणि लांबलचक आहेत, तापमानाच्या मोजक्याच ठिकाणच्या.

या नोंदींची साखळी सरळ आली नाही. आजच्या जिल्ह्यातला रामदुर्ग 1948 पर्यंत स्वतंत्र संस्थान होते. काही गावे सांगली संस्थानाची होती. 1 नोव्हेंबर 1956 रोजी बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, तेव्हा चंदगड तालुका मात्र जिल्ह्यातून काढून कोल्हापूरला जोडण्यात आला. सीमावादाच्या चर्चेत हा तपशील नेहमी येतो, पावसाच्या संदर्भात कोणी घेत नाही. चंदगड हा चांगल्या पावसाचा तालुका. तो ज्या हिशेबात आहे आणि ज्यात नाही, असे दोन ‘बेळगाव जिल्हे’ एकमेकांशेजारी ठेवून जुना-नवा पाऊस ताडून पाहिला, तर पाऊस कमी झाल्याचा भास होणारच. इंचांचे मिलिमीटर व्हायला लागले तेही याच सुमारास, दशमान पद्धतीबरोबर.

राज्य बदलले तसा हवामान खात्याचा कप्पाही वेगळा. आज बेळगाव ‘उत्तर अंतर्गत कर्नाटक’ या विभागात मोडतो, कोल्हापूर-सांगली ‘मध्य महाराष्ट्रा’त. हमरस्त्यावर निपाणी आणि कागल शेजारशेजारची गावे. एकाच ढगाचा पाऊस दोन्हीकडे पडतो, पण एकीकडचा आकडा कलबुर्गी-रायचूरच्या पावसात मिसळतो आणि दुसरीकडचा नाशिक-जळगावच्या. विभागाची बातमी ऐकून निपाणीच्या तंबाखूवाल्याने काय ठरवायचे?

सरासरी कोणत्या वर्षांची, हा आणखी एक प्रश्न. देशाच्या मोसमी पावसाची दीर्घकालीन सरासरी 1951 ते 2000 या वर्षांवरून काढली तेव्हा 89 सेंटिमीटर होती. 1961-2010 वर आली तेव्हा 88 झाली, आणि 2022 पासून 1971-2020 चा पाया धरल्यावर 87. पन्नासच्या दशकातली ओली वर्षे हिशेबातून बाहेर पडली, नंतरची कोरडी आत आली. फरक दिसायला लहान आहे, पण 87 सेंटिमीटर पाऊस जुन्या मापाने सरासरीच्या खाली असता तो आता ‘सरासरीइतका’ ठरतो. जिल्ह्यांसाठी पट्टा तर फार रुंद आहे: सरासरीच्या 19 टक्के खाली-वर असेल तरी पाऊस सर्वसाधारणच. उणे 20 ला ‘तूट’ सुरू होते, अधिक 20 ला ‘जास्त’.

शेतकऱ्याचा हिशेब नक्षत्रांचा. रोहिणीच्या आसपास कोरड्या रानातली धूळवाफ पेरणी, मृगाची वाट, मग आर्द्रा, तरणा, म्हातारा, आश्लेषा. मघांबद्दल म्हण आहेच, ‘नाही पडल्या मघा तर वरती बघा’. या हिशेबात एकूण किती पडला यापेक्षा कधी पडला याला किंमत आहे, आणि वार्षिक टक्क्यात नेमके तेच हरवते. 2023 चे वर्ष आठवा. देशभरात तो ऑगस्ट 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ठरला, तूट 36 टक्के. देशाचा हंगाम तरी सरासरीच्या 94 टक्क्यांवर संपला, म्हणजे कागदावर थोडाच कमी. कर्नाटकाने मात्र 236 पैकी 223 तालुके दुष्काळी जाहीर केले. केंद्राच्या 2016 च्या दुष्काळ नियमावलीत पावसाच्या तुटीबरोबर सलग तीन-चार आठवड्यांचा खंडही धरला जातो. ही तरतूद नसती तर हंगामाच्या बेरजेने बरेच तालुके तारून नेले असते, म्हणजे खरे तर बुडवले असते.

याहून बोलके वर्ष 2019. त्या उन्हाळ्यात कृष्णेचे पात्र कोरडे पडले होते. अथणी-रायबागकडच्या गावांसाठी कर्नाटकाने महाराष्ट्राकडे कोयनेचे पाणी मागितले. ऑगस्ट उजाडला आणि पहिल्या पंधरवड्यातच कृष्णा, दूधगंगा, घटप्रभा, मलप्रभा सगळ्या एकदम पात्राबाहेर आल्या. गोकाक पाण्यात, रामदुर्ग पाण्यात, चिकोडी-अथणीची कृष्णाकाठची गावे स्थलांतरित. अथणीच्या शिवारात बुडण्याइतका पाऊस पडलाच नव्हता. पाणी आले ते महाबळेश्वर, कोयना, राधानगरीच्या माथ्यावरून. म्हणून कृष्णाकाठचा माणूस पावसाळ्यात आपल्या गावच्या मिलिमीटरकडे बघत नाही, वरच्या अंगाला कृष्णेवर असलेल्या राजापूर बंधाऱ्यातून किती क्यूसेक पाणी सुटले ते विचारतो. वर्षाच्या तक्त्यात त्या साऱ्या वर्षासमोर ‘जास्त पाऊस’ एवढाच शेरा उरतो.

मोजणी आता पुष्कळ दाट झाली आहे. बंगळुरूला 1988 साली दुष्काळ निगराणी कक्ष म्हणून सुरू झालेल्या राज्याच्या केंद्राने स्वयंचलित मापक ग्रामपंचायतींपर्यंत नेले. हे चांगलेच झाले. एकाच तालुक्यात जांबोटी चिंब आणि नंदगड नुसते भिजलेले, हे आता आकड्यांत दिसते. अडचण एवढीच की गावातल्या नव्या मापकाला स्वतःची पन्नास वर्षांची सरासरी नाही. त्याची तुलना होते ती तालुक्याच्या ठिकाणच्या जुन्या मापकाच्या आधाराने काढलेल्या आकड्याशी. डोंगराकडच्या गावाला त्यामुळे तूट कळत नाही आणि पूर्वेकडच्याला ती कायमची चिकटते.

तापमानाचे पारडे याहून हलके. साडेसातशे मीटर उंचीवरचे बेळगाव ‘गरिबांचे महाबळेश्वर’ म्हणून नावाजलेले. एप्रिलमध्ये पारा 35-36 ला टेकतो, मेमध्ये वळीव येऊन हवा उतरते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये दिवसाचे तापमान 25 च्या आसपास राहते. जिल्ह्याच्या नावाने सांगितले जाणारे तापमान बहुतेक वेळा बेळगाव किंवा सांबरा विमानतळाच्या वेधशाळेचे असते. कागवाडच्या मळ्यातला किंवा सौंदत्तीच्या काळ्या रानातला उन्हाळा त्यात येत नाही. पायाही इथे सरकत आला आहे. वार्षिक तापमान पूर्वी 1981-2010 शी ताडत, आता 1991-2020 शी. हा नवा पाया मुळातच अधिक उबदार वर्षांचा आहे. तरीही 2024 साली देशाचे सरासरी तापमान त्याच्या 0.65 अंश वर गेले आणि ते 1901 पासूनचे सर्वांत उष्ण वर्ष ठरले. त्याआधीचा उच्चांक 2016 चा, 0.54 अंशांचा.

2025 च्या मे महिन्याने हिशेबातली आणखी एक फट उघडी केली. मोसमी पाऊस केरळात 24 मे रोजीच दाखल झाला, आणि देशासाठी तो 1901 पासूनचा सर्वांत ओला मे ठरला. मोसमी हंगामाची बेरीज मात्र 1 जूनला सुरू होते. ज्याची धूळवाफ त्या पावसात साधली नाही, त्याचे नुकसान जून ते सप्टेंबरच्या टक्क्यात शोधून सापडणार नाही. ते वार्षिक आकड्यात आहे, पण तिथे ते अधिक चिन्हाने लिहिलेले आहे.