ताप आला की सांगायची गोष्ट: घरात कुत्रा आहे

कुत्र्याचा सुळा बोटात रुततो तेव्हा दिसतं ते फक्त एक टिंब. रक्ताचा एखादा थेंब येतो, पुसला की थांबतो, आणि संध्याकाळपर्यंत वरची कातडी मिटूनही जाते. चिरलेली जखम उघडी राहते, वाहते, त्यामुळे आपण तिची काळजी घेतो. या टिंबाखाली मात्र सुळ्याने पाडलेलं अरुंद, खोल भोक असतं. लाळ तळाशी पोचलेली असते आणि वरचं दार बंद झालेलं असतं. जिवाणूंना याहून सोयीची जागा मिळणं कठीण.

कुत्रा चावला की सगळ्यांच्या मनात रेबीज येतो आणि तो यायलाच हवा. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच डॉक्टरांकडे जायचं, यात तडजोड नाही. पण रेबीज हा विषाणूचा आजार. लस घेऊन झाली की आपण निर्धास्त होतो, आणि त्याच लाळेतल्या जिवाणूंची आठवण कुणालाच राहत नाही. त्यातला पाश्चरेला फार वाट पाहत नाही. बहुतेक वेळा २४ तासांच्या आतच जागा लाल होते, सुजते, ठणकू लागते. तो निदान स्वतःची वर्दी तरी देतो.

मला जास्त भीती वाटते ती न दिसणाऱ्याची. कॅप्नोसायटोफॅगा कॅनिमॉर्सस हे त्याचं लांबलचक नाव. कॅनिमॉर्सस म्हणजे लॅटिनमध्ये कुत्र्याचा चावा. १९७६ साली त्याच्यामुळे आजारी पडलेल्या रुग्णाची पहिली नोंद झाली, पण हे नाव मिळायला १९८९ उजाडलं. अनेक निरोगी कुत्र्यांच्या तोंडात तो कायम मुक्कामाला असतो आणि त्यांना काहीही त्रास देत नाही. बहुतेक माणसांनाही देत नाही. ज्यांची प्लीहा, म्हणजे रक्तातले जंतू टिपणारा पोटातला अवयव, काढलेली आहे, जे खूप दारू पितात, ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांमुळे किंवा आजारामुळे दबलेली आहे, त्यांच्या रक्तात मात्र तो झपाट्याने पसरतो. चाव्यानंतर साधारण तीन ते पाच दिवसांनी ताप, उलट्या, अंगावर जांभळट डाग दिसतात. रक्तात विष पसरण्याच्या टप्प्यावर पोचलेल्या रुग्णांपैकी जवळपास तीस टक्के दगावतात. चावाच हवा असंही नाही, उघड्या जखमेवर प्रेमाने फिरलेली जीभही पुरते.

पेनिसिलीनच्या कुळातली औषधं त्याच्यावर चालतात. अडचण वेळेची आहे. प्रयोगशाळेत हा जिवाणू फार सावकाश वाढतो, त्याला वाढायला कार्बन डायऑक्साइड जास्त लागतो, आणि अहवाल यायला कित्येक दिवस जातात. तोवर डॉक्टरांच्या हातात असतो फक्त रुग्णाने सांगितलेला इतिहास. त्यात ते टिंब आलंच नाही तर? पाच दिवसांपूर्वी मिटलेली जखम तापाने फणफणलेल्या माणसाला आठवत नाही. म्हणून प्लीहा काढलेल्या माणसाने कुत्रा चावल्यावर ताप यायची वाट पाहू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं आणि प्लीहा नाही हे आपणहून सांगावं.

दुसरी वाट लघवीची. लेप्टोस्पायरा हा स्क्रूसारखा पीळदार जिवाणू. १९०७ मध्ये स्टिमसन या संशोधकाला तो एका मृत रुग्णाच्या मूत्रपिंडात दिसला. तो रुग्ण पीतज्वराने गेला असं मानलं गेलं होतं. जिवाणूचं टोक आकड्यासारखं वळलेलं होतं, अगदी प्रश्नचिन्हासारखं, म्हणून त्याला ‘इंटरोगन्स’ म्हणजे प्रश्न विचारणारा, असं नाव पडलं. रोग दुसराच समजला गेला होता आणि खरा कारणीभूत मूत्रपिंडात बसून राहिला होता, हे मला फार बोलकं वाटतं. कारण आजही लेप्टोची तीच तऱ्हा आहे. सुरुवातीला नुसता ताप, डोकेदुखी, पोटऱ्यांत असह्य दुखणं, लाल झालेले पण न चिकटणारे डोळे. हे फ्लूवर खपून जातं. काहींना पुढे कावीळ होते आणि मूत्रपिंडं निकामी होतात.

कुत्र्याला हा आजार बहुधा उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून होतो. तो साचलेल्या डबक्यात उतरतो, ते पाणी पितो, पंजे चाटतो. बरा झाल्यावरही त्याच्या मूत्रपिंडातल्या बारीक नलिकांत जिवाणू तळ ठोकून राहू शकतात आणि लघवीतून आठवडेच्या आठवडे, कधी महिनेही बाहेर पडत राहतात. दिसायला कुत्रा ठणठणीत, शेपूट हलवणारा. न्यायाने सांगायचं तर माणसाला लेप्टो होण्यामागे पाळीव कुत्र्यापेक्षा उंदीर आणि दूषित पाणीच अधिक असतं. पण आजारी कुत्र्याची लघवी पुसणाऱ्या हातावर चीर असेल तर तेवढी वाट जिवाणूला पुरते. हातमोजे घालून आधी लघवी पूर्ण टिपून घ्यायची, मग पातळ केलेल्या ब्लीचने जागा पुसायची. हा क्रम उलटा करू नका, कारण लघवीतल्या अमोनियाशी ब्लीचचा संयोग झाला की विषारी वाफ निघते. कुत्र्यासाठी लस मिळते. ती दरवर्षी द्यावी लागते आणि जे उपप्रकार तिच्यात आहेत त्यांच्याविरुद्धच प्रामुख्याने चालते. तरीही ती टाळण्याचं एकही चांगलं कारण मला दिसत नाही.

विष्ठेतून येणारे कॅम्पिलोबॅक्टर आणि साल्मोनेला अधिक ओळखीचे. जुलाब झालेलं छोटं पिल्लू, त्याला कुशीत घेणारं मूल आणि न धुतलेले हात, एवढी गोष्ट पुरते. अमेरिकेत २०१६ ते २०१८ दरम्यान दुकानांतून विकल्या गेलेल्या पिल्लांमुळे १७ राज्यांत ११३ जण कॅम्पिलोबॅक्टरने आजारी पडले, आणि तो जिवाणू अनेक प्रतिजैविकांना दाद देत नव्हता. कुत्र्याला कच्चं मांस खाऊ घालणाऱ्यांनी साल्मोनेलाचा विचार करावा. तो मांसातून कुत्र्यात येतो आणि कुत्र्याचं भांडं धुणाऱ्याच्या हातावरही.

कुत्री पाळून त्यांची पैदास करणाऱ्यांसाठी मात्र ब्रुसेला कॅनिस या जिवाणूबद्दल दोन शब्द जास्त बोलायला हवेत. १९६६ मध्ये अमेरिकेत बीगल जातीच्या कुत्र्यांत होणाऱ्या गर्भपातांचा माग काढताना लेलंड कारमायकल यांना तो सापडला. गाभण कुत्री वरून धडधाकट असते आणि गाभण राहून दीड-दोन महिने झाल्यावर अचानक गाभ टाकते. त्या वेळी पडणारी वार, पाणी आणि नंतर कित्येक दिवस चालणारा स्राव जिवाणूंनी भरलेला असतो. कळवळून धावून जाणारा माणूस हे सगळं उघड्या हातांनी आवरतो. आठवड्यांनी त्यालाच ताप येऊ लागतो. तो चढतो, उतरतो, परत चढतो. सांधे दुखतात, रात्री घामाने अंथरूण भिजतं, थकवा हटत नाही.

इथे इतिहास सांगण्याचं मोल सगळ्यांत जास्त आहे. माणसांतल्या ब्रुसेलोसिससाठी, म्हणजे ब्रुसेलामुळे होणाऱ्या आजारासाठी, नेहमी होणारी रक्ततपासणी गाई-शेळ्यांकडून येणाऱ्या ब्रुसेलाच्या आवरणावर बेतलेली आहे. कुत्र्याच्या ब्रुसेलाला तसं आवरणच नाही. त्यामुळे आजार असूनही ‘नाही’ असा अहवाल येतो आणि रुग्ण निर्धास्त होऊन घरी जातो. संशय कुत्र्यावर आहे हे डॉक्टरांना ठाऊक असेल तरच ते रक्तातून जिवाणू वाढवून पाहायला सांगतात. उपचारात एकाहून अधिक प्रतिजैविकं किमान सहा आठवडे घ्यावी लागतात. आणि रक्ताचा नमुना पाठवताना प्रयोगशाळेलाही ब्रुसेलाची शंका आधी कळवावी लागते, कारण नमुना हाताळताना उडणाऱ्या सूक्ष्म थेंबांतून तो श्वासावाटे शरीरात शिरतो आणि तपासणारी माणसंच आजारी पडू शकतात.